बंदा रुपया आणि दीड दमडी

आजचा धागा सुट्या नाण्यांवर आहे. म्हणींतली नाणी, देवघरातली नाणी, पुलावरून नदीत पडणारी नाणी आणि सरकारी दप्तरात अजून जिवंत असलेली नाणी. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक येथून हे लिहिते आहे, तेव्हा आरंभ गावाच्या नावापासूनच करते. ‘बुद्रुक’ म्हणजे फारसी ‘बुजुर्ग’, थोरला. ‘खुर्द’ म्हणजे धाकटा. अशा थोरल्या-धाकट्या गावांच्या जोड्या महाराष्ट्रात जागोजाग आहेत. या ‘खुर्द’चा सख्खा भाऊ म्हणजे ‘खुर्दा’, रुपया मोडल्यावर हाती येणारी चिल्लर. मराठीने या शब्दाला आणखी एक काम दिले. फौजेची दाणादाण झाली की आपण म्हणतो, शत्रूचा खुर्दा उडाला. अखंड असते ते सैन्य, आणि फुटले की त्याची चिल्लर. सुट्या पैशाच्या नावातच आपण पराभव लिहून ठेवला आहे.

पुढचा सगळा धागा या पराभवाविरुद्धचा युक्तिवाद आहे. माझे म्हणणे असे: सुटे नाणे क्षुल्लक आहे ही समजूत ज्याला सुटे मोजावे लागत नाहीत त्याची आहे. ज्याचा दिवस सुट्या पैशांतच उगवतो आणि मावळतो, त्याच्या तोंडच्या म्हणी वेगळ्या आहेत, आणि आपण त्या चुकीच्या अर्थाने वापरतो.

आधी तुच्छतेचा संसार पाहू. माणूस सचोटीचा असेल तर तो ‘बंदा रुपया’. बंदा म्हणजे न मोडलेला. त्याचे बोलणे ‘खणखणीत नाणे’, मागणी असेल तर तो ‘चलनी नाणे’, आणि कीर्ती झाली की ‘नाणावलेला’. याच्या उलट बाजूला ‘दीड दमडीचा’ माणूस, ‘कवडीमोल’ जमीन, ‘फुटकी कवडी’ न देणारा भाऊ आणि ‘कवडीचुंबक’ सासरा. रुपया मनुष्याच्या गुणाला, दमडी मनुष्याच्या अवगुणाला. (‘नाण्याची दुसरी बाजू’ हा वाक्प्रचार मी या यादीत मुद्दाम घेतलेला नाही. तो इंग्रजीतून आला आहे. मराठी माणूस नाण्याच्या बाजू पाहत बसत नसे, तो नाणे दगडावर वाजवून पाहत असे.)

ज्या दमडीला आपण इतके हिणवतो तिचे कूळ मात्र लहान नाही. ग्रीकांचा द्राख्मा भारतात येऊन ‘द्रम्म’ झाला. उत्तर कोकणच्या शिलाहारांच्या लेखांत देणग्या आणि दंड द्रम्मांत मोजलेले आढळतात. द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते. ‘दाम करी काम’ या म्हणीतला दाम तोच, आणि दमडी ही त्याचीच लेक. कवडीचे म्हणाल तर ती मालदीवच्या समुद्रातून जहाजे भरून येई आणि शतकानुशतके हिंदुस्थानच्या बाजारांत सर्वांत लहान चलन म्हणून चाले. आपल्याकडे ती बाजारातून उठली तरी तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातून उतरली नाही. बाजाराने जिला शून्य ठरवले तिला भक्ताने अलंकार केले, एवढे नोंदवून पुढे जाते.

म्हणी समजून घ्यायच्या तर जुना पाढा डोळ्यांसमोर हवा. एका रुपयाचे सोळा आणे, एका आण्याचे चार पैसे, एका पैशाच्या तीन पै. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै. दोन आण्यांची चवली, चार आण्यांची पावली, आठ आण्यांची अधेली. तांब्यात दोन पैशांचा ढब्बू. ढब्बू जाड आणि बोजड असे. नाणे गेले, पण जाडगेल्या माणसाला तो शब्द चिकटून राहिला. ‘पैसाअडका’ म्हणताना आपण ज्या अडक्याचा उच्चार करतो, तेही असेच एक बारके नाणे होते. आज ते कोणी ओळखणार नाही, पण जोडशब्दात पैशाच्या बोटाला धरून ते अजून चालते आहे.

आता हा पाढा हाती घेऊन ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ पुन्हा वाचा. चार आणि बारा मिळून सोळा. म्हणजे ही म्हण ‘वस्तूपेक्षा खर्च जास्त’ एवढेच सांगत नाही. ती एका पुऱ्या रुपयाचा जमाखर्च मांडते. हातात बंदा रुपया होता, कोंबडी घेतली तेव्हा बारा आणे शिल्लक होते, आणि मसाल्याने ते संपवले. घरी परतताना खिशात पै उरलेली नाही. दशमान पद्धतीत वाढलेल्या आपल्या कानाला ही बेरीज ऐकू येत नाही, म्हणून म्हण निव्वळ गमतीची वाटते. तिची थोरली बहीण ‘अडक्याची अंबा नि गोंधळाला रुपये बारा’. तिथेही हसू आहे, पण ते अडक्याला हसणे नाही. हिशेब न करता गोंधळ मांडणाऱ्या यजमानाला हसणे आहे.

‘पैशाला पासरी’ हीदेखील अशीच बिघडलेली म्हण. पासरी म्हणजे पाच शेर. आज आपण ‘पदवीधर पैशाला पासरी मिळतात’ असे म्हणतो (आमच्या पदव्युत्तर वर्गाला हे वाक्य विशेष परिचयाचे आहे) आणि त्यात स्वस्ताईची थट्टा असते. पण पैशाला पाच शेर काही मिळत असेल, तर पैसा घेऊन जाणाऱ्यासाठी ती थट्टा कशी? थट्टा विकणाऱ्याच्या आणि पाहणाऱ्याच्या बाजूने आहे. म्हणींना बोलणारा असतो, आणि बोलणाऱ्याला बसायची जागा असते. गादीवर बसलेला आणि पायरीवर बसलेला एकच म्हण म्हणतील, पण एकाच अर्थाने म्हणणार नाहीत.

पायरीवरचा हिशेब किती बारीक होता याचा पुरावा इतिहासात फार ठळक आहे. २ मार्च १९३० रोजी गांधीजींनी व्हाइसरॉय आयर्विन यांना पत्र लिहिले. त्यात त्यांनी दाखवून दिले की व्हाइसरॉयना दिवसाला सातशेहून अधिक रुपये मिळतात आणि हिंदी माणसाचे सरासरी उत्पन्न दिवसाला दोन आण्यांहूनही कमी आहे. दोन आणे म्हणजे एक चवली, म्हणजे आठ पैसे. त्या वेळी मिठावरचा कर मणाला एक रुपया चार आणे होता. चाळीस शेरांचा मण धरला तर शेराला अर्धा आणा, म्हणजे दोन पैसे. शेरभर मीठ घेणारा माणूस मिठाची किंमत सोडून नुसत्या करापोटी आपल्या दिवसाच्या कमाईचा पाव हिस्सा देत होता. पेणच्या खाडीकाठी मिठागरे होती. ज्यांच्या अंगणात समुद्र मीठ आणून टाकत होता त्यांनाही या करातून सुटका नव्हती. व्हाइसरॉयच्या दृष्टीने दोन पैसे म्हणजे काय? पण मिठाचा सत्याग्रह देशभर पेटला तो या दोन पैशांवर. ‘दोन पैशांची गोष्ट’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा मला ही गोष्ट आठवते.

सुट्या पैशाने काय उभे राहते याचेही उदाहरण घाटाच्या वरच आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ चालवला. कल्पना अगदी साधी होती: प्रत्येकाने एक पैसा द्यावा, त्यातून देशी उद्योग काढावा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. फंडाचे नाव ‘रुपया फंड’ ठेवले असते तर देणारे थोडे निघाले असते आणि मालकी त्यांचीच राहिली असती. पैशाला दाराबाहेर कोणी उभा राहत नाही. त्या नावात मला धोरण दिसते, भावुकता नाही.

हाच न्याय थोड्या मागे जाऊन शिवराईला लावता येतो. ६ जून १६७४ रोजी रायगडावर राज्याभिषेक झाला. सोन्याचा शिवराई होन आज संग्रहालयांचे भूषण आहे, पण होन किती घरांत पोचला असेल? गावोगाव पोचली ती तांब्याची शिवराई. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. वाचता न येणाऱ्या माणसाच्या मुठीतही राजाचे नाव गेले ते एका पैशामुळे. पेशवाईत शिवराई पडत राहिली, इंग्रजी अमलातही लोक ती दीर्घकाळ वापरत राहिले, आणि व्यवहारातून गेल्यावर ती देवघरात जाऊन बसली. आजही कित्येक घरांत ताम्हनात एखादी झिजलेली शिवराई दिसते. अक्षरे पुसलेली, बाजारभाव विचारला तर अगदी थोडका, आणि तरीही ती विकायची कोणाची छाती होत नाही.

देवघराचा विषय निघालाच आहे तर सव्व्याकडे वळते. हा माझा आवडता प्रांत आहे. नवस सव्वा रुपयाचा, दक्षिणा सव्वा रुपया, सत्यनारायणाच्या प्रसादाचा रवा, तूप, साखर सव्वाच्या मापाने. पूर्ण संख्येवर थांबायचे नाही, पाव भाग पुढे टाकायचा, म्हणजे वाढ चालू राहते, अशी त्यामागची श्रद्धा. अकरा, एकवीस, एकावन्न, एकशे एक यांच्या मागेही तोच विचार. आहेराच्या पाकिटावर चिकटवलेले रुपयाचे नाणे हे या विचाराचे छापील रूप. शंभराची नोट पाकिटाच्या आत झाकून असते, पण शुभ असते ते बाहेरचे नाणे. व्यवहारात ज्याला ‘सुटे’ म्हणून हिणवतो, तेच संस्कारात पूर्णाला अपूर्ण ठेवण्याचे, म्हणजे पुढे चालू ठेवण्याचे काम करते.

आता गंमत पाहा. ३० जून २०११ पासून २५ पैसे आणि त्याखालील सर्व नाणी चलनातून बाद झाली. त्या दिवशी सव्वा रुपया नाण्यांत देणे अशक्य झाले. एक रुपयावर पावली ठेवायची तर पावलीच राहिली नाही. धर्मशास्त्राने यावर काही निर्णय दिल्याचे माझ्या वाचनात नाही, आणि देण्याची गरजही पडली नाही, कारण लोकांनी बोभाटा न करता आपला मार्ग काढला. तोंडाने ‘सव्वा रुपया’ म्हणायचे आणि विड्यावर अकरा ठेवायचे. स्वयंपाकघरात मात्र सव्व्याला धक्का लागला नाही, कारण वाटीला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. रूढी अपरिवर्तनीय असते असे म्हणणाऱ्यांनी आणि रूढी आंधळी असते असे म्हणणाऱ्यांनी, दोघांनीही हा सव्वा रुपया एकदा नीट पाहावा.

शकुन-अपशकुनांत सुट्या नाण्याचा वावर मोठा आहे. कलशात सुपारीबरोबर नाणे, विड्यावर नाणे, ओटीत नाणे, वृद्धाच्या अंत्ययात्रेत लाह्यांबरोबर उधळलेली नाणी. तिठ्यावर लिंबाशेजारी पडलेले नाणे मात्र कोणी उचलत नाही. तो उतारा, त्याच्याबरोबर दुसऱ्याची पीडा घरी येते. १९४३ ते १९४७ या काळात इंग्रज सरकारने मध्यभागी भोक असलेला तांबड्या रंगाचा पैसा काढला. युद्धकाळात धातू वाचवायचा हा त्यामागचा हेतू. लोकांनी त्या भोकात काळा दोरा ओवला आणि तो पोराच्या कमरेला बांधला. सरकारची काटकसर मुलाची दृष्ट काढू लागली. रेल्वेच्या रुळावर नाणे ठेवले तर त्याचे लोहचुंबक होते हे आमच्या पिढीपर्यंत आलेले शास्त्र. ते ॲल्युमिनियमच्या दहा पैशांवर करून पाहणाऱ्यांना फक्त चपटे दहा पैसे मिळाले.

पुलावरून नदीत नाणे टाकण्याच्या चालीबद्दल सध्या एक ‘वैज्ञानिक’ संदेश फिरतो. तांब्याने पाणी शुद्ध होते, म्हणून पूर्वजांनी ही युक्ती काढली, असा त्याचा आशय. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला तो मान्य नाही. तांब्याच्या भांड्यात पाणी रात्रभर ठेवणे आणि वाहत्या अंबेत किंवा सावित्रीत एक पैसा टाकणे यांत मापाचा फरक आहे. पैसा नदीत पडतो तो दक्षिणा म्हणून, ओलांडू दिल्याबद्दल. नदीला आपण आई म्हणतो आणि आईच्या दारातून जाताना रिकाम्या हाताने जात नाही. हे कारण पुरेसे सुंदर आहे. त्याला रसायनशास्त्राचे ठिगळ लावले की दोन्हींचा अपमान होतो. शिवाय १९५७ च्या काशाच्या नव्या पैशानंतर पैसा ॲल्युमिनियमचा झाला आणि आजचा रुपया पोलादी आहे. पूल ओलांडताना लोक अजून तो टाकतात. हेतू शुद्धीकरणाचा असता तर धातू बदलला तेव्हाच चाल थांबली असती.

१९५७ चा उल्लेख आला आहे, तर त्या वर्षी थोडे थांबू. आपल्या वाङ्मयात या घटनेची दखल पुरेशी घेतलेली नाही असे मला वाटते. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती सुरू झाली. रुपयाचे शंभर ‘नये पैसे’ झाले. चार आण्यांचे बरोबर २५, आठ आण्यांचे ५०. पण एका आण्याचे सव्वासहा, आणि सव्वासहाचे नाणे पाडता येत नाही. म्हणून सरकारी कोष्टक आले: एक आणा म्हणजे ६ नये पैसे, दोन आणे म्हणजे १२, तीन आणे म्हणजे १९. काही ठिकाणी गिऱ्हाइकाचा फायदा, काही ठिकाणी दुकानदाराचा. मोठ्या रकमेत हे खपून गेले. आता कोष्टकाचा तळ पाहा. जुन्या एका पैशाचे गणिताने दीडाहून किंचित जास्त नये पैसे होतात. कोष्टकात ते २ धरले. चार पैशांचा एक आणा, आणि आण्याचे ६. म्हणजे आण्याचे तेल एकदम घेणाऱ्याने नव्या नाण्यांत ६ द्यायचे, आणि तेवढेच तेल पैशा-पैशाचे चार वेळा घेणाऱ्याने ८. जुनी नाणी काही वर्षे सोबतीने चालत होती, त्यामुळे हा फटका सर्वत्र एकदम बसला नाही. पण सुधारणेचे ओझे उताराने कुठे जाते ते या दोन पैशांत दिसते. एका वेळी एक पैशाचे तेल कोण घेत असे, हे वेगळे सांगायला नको.

भाषेने या घटनेचा निवाडा आपल्या परीने केला. ‘चार आणे’ आणि ‘आठ आणे’ ही नावे नव्या नाण्यांनाही चिकटली, कारण तिथे हिशेब बरोबर जुळत होता. पावली म्हणून २५ पैसे पुढे पन्नास वर्षे चालले. पण ‘एक आणा’ आणि ‘तीन आणे’ नव्या नाण्यांच्या नावांत आले नाहीत. सरकारने पूर्णांक करून दाखवलेला अपूर्णांक लोकांच्या जिभेने स्वीकारला नाही. १ जून १९६४ रोजी ‘नया’ हे विशेषण अधिकृतपणे गळाले. पैसा पुन्हा नुसता पैसा झाला. ‘सोळा आणे खरे’ मात्र तसेच राहिले. ‘शंभर पैसे खरे’ असे कोणी म्हटलेले मी ऐकलेले नाही.

लोकरंजनातही या नाण्यांनी आपला वर्ग टिकवला. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची जाहिरात प्रसिद्ध आहे: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे तीन आण्यांत. दोन मैल आणि तीन आणे यांची ती सांगड जाहिरातकलेचा उत्तम नमुना आहे, आणि प्रेक्षक कोण असणार हेही ती सांगून टाकते. १९७८ साली पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तच्या नाटकावरून ‘तीन पैशाचा तमाशा’ आणला तेव्हा शीर्षकात पुन्हा तेच नाणे होते, तेव्हा व्यवहारातून जवळजवळ गेलेले. मुलांच्या पाऊसगाण्यातला पैसा तर खोटाच निघतो आणि तरी पाऊस येतो. खोट्या पैशावर माल देणारा मराठी वाङ्मयातला तो एकमेव दुकानदार असावा.

गागोद्यातून लिहिताना एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. याच गावात ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. १९५० साली पवनारच्या आश्रमात त्यांनी ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग मांडला: पैशाचा वापर सोडायचा, स्वतः विहिरीचे पाणी ओढायचे, स्वतः भाजी पिकवायची, श्रमावर जगायचे. पैशाचे मोल आज एक आणि उद्या एक, धान्याची भूक भागवण्याची शक्ती मात्र बदलत नाही, हा त्यांचा मुख्य आक्षेप. मग अशा माणसाच्या गावातून नाण्याचे गोडवे का गायचे?

मी नाण्याचे गोडवे गात नाही, मोजण्याचे गाते आहे, आणि त्याचा पुरावा विनोबांच्याच घरात सापडतो. त्यांच्या आईने, रखुमाईंनी, देवाला एक लक्ष तांदूळ वाहण्याचे व्रत घेतले होते. त्या रोज एकेक दाणा मोजत. वडिलांनी सुचवले की तोळाभर तांदूळ मोजून त्यावरून लाखाचे वजन काढावे आणि वर थोडे जास्त घालावे, म्हणजे वेळ वाचेल. हिशेबाने ते अगदी बरोबर होते. आईने विन्याला विचारले. त्याने सांगितले की हे नुसते गणित नाही. एकेक दाणा मोजताना देवाचे स्मरण होते, तेव्हा मोजूनच वाहावे. पुढे ज्याने पैशाचा त्याग केला त्याने मोजण्याचा त्याग सुचवला नाही. कांचनमुक्तीच्या पाठोपाठ तेलंगणात भूदान सुरू झाले, आणि सर्वोदयपात्रात रोज घरातल्या मुलाच्या हाताने मूठभर धान्य पडावे असा आग्रह त्यांनीच धरला. मूठ हेही एक सुटे नाणेच आहे, फक्त त्यावर राजाचा छाप नसतो.

वजनाने तोलणे आणि दाण्याने मोजणे यांतला हा भेद मला आजच्या व्यवहारातही दिसतो. ५० पैशांचे नाणे बाद झालेले नाही. २०११ च्या नाणे कायद्यानुसार ते दहा रुपयांपर्यंतच्या देण्यासाठी आजही वैध आहे. पण ते कोणी घेत नाही, आणि ‘सुटे नाहीत’ म्हणून गोळी हातावर ठेवली जाते. त्या गोळीची किंमत ठरवताना गिऱ्हाइकाला विचारलेले नसते. दहाच्या नाण्याची कथा तर शकुनशास्त्रातच मोडते. त्यावरच्या रेषा इतक्या की तितक्या, रुपयाचे चिन्ह आहे की नाही, यावरून ते ‘खोटे’ असल्याची अफवा इतकी पसरली की जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावे लागले की आतापर्यंत निघालेली चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत. नाणे वाजवून पाहणाऱ्यांच्या वंशजांनी मोबाइलवरचा संदेश वाचून नाणे परत करावे, हा काळाचा महिमा.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. तो ना म्हणीत आहे, ना देवघरात. तो शेतात आहे.

पिकाचा अंदाज आपल्याकडे आण्यांत बांधत असत. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे, निम्मे म्हणजे आठ आणे. ही ‘आणेवारी’. कोकणात खोतीचे हिस्सेही आणे-पैंत असत; ‘चार आण्यांचा खोत’ म्हणजे गावाच्या चौथ्या हिश्श्याचा धनी, आणि त्याच्यासमोर चार आण्यांना कोणी क्षुल्लक म्हटले नसते. दशमान पद्धतीनंतर सरकारी कागदावर आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली, तरी शेतकरी अजून आणेवारीच म्हणतो. तलाठी, कृषी सहायक, सरपंच यांची समिती निवडलेल्या शेतांत ठरावीक मापाचा तुकडा आखते, त्यातले पीक कापून, झोडून, वजन करून पाहते आणि ते प्रमाण उत्पन्नाशी ताडते. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, मग अंतिम. गावाची पैसेवारी ५० पैशांच्या खाली गेली तर टंचाईच्या सवलतींचा विचार होतो: जमीन महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, शेतीपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. ५० च्या वर राहिली तर यांपैकी काही नाही.

जे आठ आणे वाण्याच्या गल्ल्यावर कोणी उचलत नाही, ते तहसील कचेरीत एका गावाचे वर्ष ठरवतात. ४९ पैसे आणि ५१ पैसे यांच्या मधल्या दोन पैशांसाठी शेतकरी निवेदने घेऊन कचेरीत जातात, मोर्चे काढतात, पंचनामा पुन्हा करा म्हणतात. एक पैशाचे आणि दोन पैशांचे नाणे २०११ साली कायद्याने संपले. त्यांच्यावरचा वाद दर हंगामाला नव्याने उभा राहतो. अशा निवेदनांच्या बातम्या वाचताना लोक हसतात, दोन पैशांसाठी एवढा गहजब, असे प्रतिक्रियांत लिहितात. तेव्हा वरचा मिठाचा हिशेब पुन्हा काढून पाहावा.

येत्या हंगामात आपल्या तालुक्याची नजरअंदाज पैसेवारी जाहीर झाली की तो आकडा या धाग्याखाली कोणी टाकला तर बरे होईल. शक्य झाल्यास गावनिहाय, कारण तालुक्याच्या सरासरीत गावे बुडून जातात.